पासवर्ड मॅनेजर गप्प बसला की तुम्हीही थांबा

ट्रॉय हंट हे नाव सगळ्यांनी ऐकलं असेलच असं नाही, पण 'हॅव आय बीन पोन्ड' ही साईट बऱ्याच जणांनी वापरली असेल, तिथे आपला ईमेल टाकला की तो कुठल्या कुठल्या डेटा चोरीत बाहेर आलाय ते कळतं. 2013 पासून ही साईट चालवणारा हा ऑस्ट्रेलियन माणूस, म्हणजे चोरलेले पासवर्ड हाच ज्याचा रोजचा अभ्यास. आणि 25 मार्च 2025 ला हाच गडी एका फिशिंग मेलला (खोटा मेल पाठवून पासवर्ड काढून घ्यायचा प्रकार) फसला.

झालं काय, तो तेव्हा लंडनला होता, लांबच्या प्रवासाने थकलेला, झोपेचा पार विचका झालेला. मेल आला मेलचिंपच्या नावाने (न्यूजलेटर पाठवायची सर्व्हिस आहे ही, तो वापरायचा). मजकूर काय, तर तुमच्याबद्दल स्पॅमची तक्रार आलीये म्हणून तुमचं मेल पाठवणं सध्या थांबवलंय, येऊन बघा. बास. बक्षीस नाही, लॉटरी नाही, 'चोवीस तासात अकाउंट बंद' अशी बोंब नाही, उगाच जिवाला घोर लागेल इतपतच. त्याने लिंक उघडली, पासवर्ड टाकला, वरून ओटीपी पण टाकला, आणि पेज अडकलं. तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला, लगेच खऱ्या साईटवर जाऊन पासवर्ड बदलला, पण तेवढ्या मिनिटांत त्याच्या सुमारे 16 हजार वाचकांची यादी उचलून झाली पण होती, कारण पलीकडे माणूस बसलेला नव्हता, सगळं स्क्रिप्टने आपोआप चाललेलं. वर कडी म्हणजे आदल्याच दिवशी तो ब्रिटनच्या सरकारी सायबर सुरक्षा केंद्राच्या लोकांशी, फिशिंगला पुरून उरणारी पासकी (तिच्याबद्दल पुढे येतंच) लोकांपर्यंत कशी पोचवायची यावर, दोनेक तास बोलून आलेला!

हे त्याने लपवलं नाही, लगेच जाहीर लिहिलं, आणि त्यात एक गोष्ट होती जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या खोट्या पेजवर त्याच्या पासवर्ड मॅनेजरने पासवर्ड आपोआप भरला नव्हता. त्याने तो स्वतः टाकला.

आता हे नीट समजून घेऊ, कारण सगळी मेख इथेच आहे.

पासवर्ड मॅनेजर म्हणजे तुमचे पासवर्ड लक्षात ठेवणारं ॲप, क्रोममध्ये गूगलचा असतो, आयफोनवर ॲपलचा, बिटवॉर्डनसारखे वेगळे पण मिळतात. तुम्ही एखाद्या साईटचा पासवर्ड सेव्ह केला की त्याच्यासोबत त्या साईटचं डोमेन, म्हणजे पत्त्यातलं मूळ नाव, पण सेव्ह होतं. पुढच्या वेळी तो ॲड्रेस बारमधलं डोमेन आणि आपल्याकडचं डोमेन जुळवून बघतो. जुळलं तर पासवर्ड भरतो, नाही जुळलं तर गप्प. लोगो हुबेहूब आहे का, रंग तेच आहेत का, भाषा किती गोड आहे, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. आपण नेमकं उलटं करतो, लोगो बघतो आणि डोमेनकडे कानाडोळा करतो. हंटला जे पेज दिसलं त्याचं डोमेन होतं मेलचिंप-एसएसओ डॉट कॉम, वाचताना काही खटकत नाही, पण मशीनसाठी ते मेलचिंप डॉट कॉम नव्हे म्हणजे नव्हे.

मग हंटसारख्या माणसाने ती शांतता मनावर का घेतली नाही? कारण खऱ्या साईटीच आपल्याला ही वाईट सवय लावतात. खातं उघडतो एका डोमेनवर, लॉगिन करायला पाठवतात दुसऱ्याच डोमेनवर, मग पासवर्ड भरला जात नाही आणि आपण कॉपी करून पेस्ट करतो, असं चार वेळा झालं की पाचव्यांदा शंकाच येत नाही. कंपन्यांनी याचा विचार करायला हवा खरं तर, ग्राहकाला 'सावध राहा' असे मेसेज पाठवायचे आणि स्वतःची लॉगिनची पेजेस तीन तीन डोमेनवर पसरून ठेवायची, याला काय अर्थ आहे.

तर नियम एकच. पासवर्ड आपोआप भरला नाही तर तिथे हाताने टाकायचा नाही. तो टॅब बंद करायचा, नवीन टॅबमध्ये साईटचा पत्ता स्वतः टाईप करायचा किंवा आपलं ॲप उघडायचं, आणि मेलमध्ये म्हटलंय तसं खरंच काही आहे का ते तिथे बघायचं. खरी भानगड असेल तर तिथे दिसेलच.

डोळ्यांवर विसंबू नका असं मी का म्हणतोय ते पण सांगतो. इंग्रजी लिपीत आर आणि एन ही दोन छोटी अक्षरं चिकटून लिहिली की मोबाईलच्या बारीक फॉन्टमध्ये एम दिसतो. पेशवाईत ध चा मा एका अक्षराने झाला म्हणतात, इथे तर अक्षर बदलल्याचं कळतही नाही. 2017 मध्ये एका संशोधकाने ॲपल डॉट कॉम सारखंच दिसणारं डोमेन चक्क रशियन लिपीतली अक्षरं वापरून नोंदवून दाखवलं होतं, तेव्हाच्या क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ते खऱ्यापेक्षा वेगळं ओळखताच येत नव्हतं. क्रोमने नंतर ते दुरुस्त केलं, पण मुद्दा तो नाही, मुद्दा हा की तुमचा डोळा फसला तरी पासवर्ड मॅनेजर त्याही दिवशी फसला नसता.

तरी डोमेन वाचता यायला हवंच, कारण प्रत्येक वेळी मॅनेजर हाताशी नसतो. पत्त्यात सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली तिरपी रेघ शोधायची, आणि तिथून उलटं, डावीकडे वाचायचं. त्या रेघेच्या लगेच आधी जे आहे तोच खरा मालक. म्हणजे पत्ता 'तुमचीबँक डॉट बँक डॉट इन डॉट केवायसी-अपडेट डॉट टॉप' असा असेल तर मालक केवायसी-अपडेट डॉट टॉप, पुढे लावलेलं बँकेचं नाव हे नुसतं तोरण, तोरण काय कोणीही लावतं. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर केलं की आपल्याकडच्या बँकांनी डॉट बँक डॉट इन हे डोमेन घ्यायचं, आणि त्यासाठी 31 ऑक्टोबर 2025 ही मुदत दिली. या डोमेनची नोंदणी हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था करते आणि फक्त बँकांनाच ते मिळतं, त्यामुळे पत्त्याचा शेवट डॉट बँक डॉट इन आहे का हे बघणं आता खूप सोपं झालंय. शेवट हं, सुरुवात किंवा मध्ये नाही. तसंच सरकारी साईटचं, इन्कम टॅक्सचं रिफंड म्हणून मेल आला आणि शेवट डॉट गव्ह डॉट इन नसेल तर सरळ कचऱ्यात.

आणि पत्त्याशेजारचं ते कुलूप विसरा. 'कुलूप दिसतंय म्हणजे साईट सेफ' हे आपल्याला दहा-पंधरा वर्षं शिकवलं, पण त्या कुलपाचा अर्थ एवढाच की मधल्या रस्त्यात कोणी वाचू शकत नाही, पलीकडे कोण बसलंय ते कुलूप सांगत नाही. कुलपासाठी लागणारं सर्टिफिकेट चोराला पण फुकटात मिळतं. म्हणून तर क्रोमने 2023 मध्ये ते कुलूपाचं चिन्हच काढून टाकलं.

मेलमध्ये पाठवणाऱ्याचं जे नाव दिसतं ना, ते तर पाठवणारा हवं ते लिहू शकतो. मोबाईलवर नुसतं नावच दिसतं, पत्ता लपलेला असतो, हंटच्या फोनवरही तसंच झालेलं. जीमेलमध्ये नावाखाली 'टू मी' च्या बाजूला छोटा बाण असतो, तो दाबला की पूर्ण पत्ता दिसतो. माझ्या मामांना मध्ये एक मेल आला, 'तुमचा मेलबॉक्स 98 टक्के भरला आहे, आजच क्लिक करा', आणि त्यांचा फोन, "अरे, हे बघ काय आलंय, माझे फोटो जातील का रे?" म्हटलं मामा, तो बाण दाबा आणि मला पत्ता वाचून दाखवा. वाचायला लागले आणि मधेच थांबले, "हे तर कुठल्या तरी फर्निचरवाल्याचं आहे!" कोणाचा तरी हॅक झालेला मेल असणार तो, बिचाऱ्या फर्निचरवाल्याला पत्ताही नसेल.

आता ओटीपी. बऱ्याच जणांचा समज आहे की दोन पायऱ्यांचं लॉगिन लावलं म्हणजे विषय संपला. ते लावाच, न लावण्यापेक्षा हजार पट बरं, विशेषतः दुसऱ्या कुठल्या साईटवरून चोरलेला जुना पासवर्ड कोणी तुमच्या जीमेलला लावून बघितला तर ओटीपी त्याला अडवतो. पण फिशिंगपुढे ओटीपी कमी पडतो, कारण चोर आता नुसतं खोटं पेज बनवत नाहीत, ते मधे बसतात. तुम्ही खोट्या पेजवर पासवर्ड टाकला की तो त्याच सेकंदाला खऱ्या साईटवर जातो, खरी साईट तुम्हाला खरा ओटीपी पाठवते, तुम्ही तो खोट्या पेजवर टाकता, तोही पुढे जातो, आणि लॉगिन होतं, फक्त तुमचं नाही, त्याचं. एव्हिलजिंक्स नावाचं असं टूल 2017 पासून फुकट उपलब्ध आहे, सुरक्षा तपासणाऱ्यांसाठी बनवलेलं, पण चोरांनी काही विनंतीपत्र देऊन घेतलं नसणार.

याला उत्तर म्हणजे पासकी. हल्ली गूगल, ॲमेझॉन वगैरे 'पासकी बनवा' म्हणून मागे लागतात आणि आपण 'आत्ता नको' दाबतो, तेच ते. पासकीत पासवर्ड नावाची टाईप करायची गोष्टच नसते. तुमच्या फोनमध्ये त्या साईटसाठी एक गुप्त किल्ली तयार होते, साईटकडे तिचा फक्त उघडा जोडीदार राहतो. लॉगिनच्या वेळी साईट एक कोडं पाठवते, फोन तुमचं बोट किंवा चेहरा बघून त्यावर सही करून परत पाठवतो. आणि डोमेन कुठलं आहे हे फोनला ब्राउझर सांगतो, तुम्ही नाही. खोट्या डोमेनसाठी किल्लीच नाही, त्यामुळे तुम्ही कितीही थकलेले, घाबरलेले, घाईत असलात तरी देण्यासारखं तुमच्याजवळ काही नसतं. गूगलने 2017 च्या सुरुवातीपासून आपल्या 85 हजारांवर कर्मचाऱ्यांना याच तत्त्वावर चालणाऱ्या छोट्या यूएसबी किल्ल्या सक्तीच्या केल्या, आणि 2018 मध्ये कंपनीने सांगितलं की तेव्हापासून कामाच्या एकाही खात्यावर फिशिंगने ताबा गेल्याची नोंद नाही. 2022 मध्ये क्लाउडफ्लेअर कंपनीच्या तीन कर्मचाऱ्यांनी तर खोट्या पेजवर पासवर्ड टाकून पण दिले, तरी चोर आत शिरू शकले नाहीत, कारण पुढची पायरी अशी किल्ली होती. एसएमएसचा ओटीपी असता तर गेले असते बाराच्या भावात.

इथपर्यंत सगळं आपण काय टाईप करतो त्याबद्दल झालं. पण काहीच टाईप न करता पण गोंधळ होतो, आणि ती बाजू ब्राउझरची.

गंमत बघा, हंट फसला त्याच दिवशी, 25 मार्च 2025 ला, गूगलने विंडोजवरच्या क्रोममधलं एक भोक बुजवलं. कॅस्परस्की कंपनीने ते शोधलं होतं. रशियातल्या पत्रकारांना, विद्यापीठातल्या लोकांना, सरकारी कार्यालयांना एका परिषदेचं आमंत्रण मेलने जात होतं, आणि त्यातली लिंक क्रोममध्ये नुसती उघडली की कंप्युटर ताब्यात. पासवर्ड टाकायची, फाईल उतरवायची काही गरज नाही. ब्राउझर प्रत्येक साईटला एका पिंजऱ्यात ठेवतो, म्हणजे त्या साईटचा कोड पिंजऱ्याबाहेर तुमच्या फाईलींना हात लावू शकत नाही, हे भोक त्या पिंजऱ्याचं होतं. दोन दिवसांनी फायरफॉक्सवाल्यांनी पण आपल्याकडची तशीच चूक सापडली म्हणून अपडेट काढलं.

असली शस्त्रं महागडी असतात, तुमच्या माझ्या फेसबुकसाठी कोणी वापरत नाही, हेरगिरीसाठी वापरतात. पण एकदा अपडेट आलं की भोक कुठे होतं ते सगळ्या जगाला कळतं, आणि मग ज्यांनी अपडेट घेतलं नाही ते स्वस्तातलं सावज होतात. क्रोम अपडेट आपोआप उतरवतो हे खरं, पण ब्राउझर बंद करून परत उघडल्याशिवाय ते लागत नाही, आणि आपण काय करतो, चाळीस टॅब उघडे ठेवून लॅपटॉपचं झाकण लावतो, दोन दोन आठवडे. वर उजव्या कोपऱ्यात अपडेटचं बटण दिसलं की दाबा, टॅब परत येतात. एज, ब्रेव्ह, ऑपेरा यांचं इंजिन पण क्रोमचंच, त्यामुळे त्यांनाही हेच लागू.

यापेक्षा रोजचा धोका वेगळा आहे, तो म्हणजे कुकी. वॉटरपार्कला गेटवर एकदा तिकीट दाखवलं की मनगटाला पट्टा बांधतात, मग प्रत्येक राईडला तिकीट मागत नाहीत, पट्टा बघतात. लॉगिन झाल्यावर साईट ब्राउझरला असाच पट्टा देते. तो चोरला तर पासवर्ड नको, ओटीपी नको, पासकी पण नको, कारण गेट केव्हाच पार झालंय. मार्च 2023 मध्ये लायनस टेक टिप्स या प्रचंड मोठ्या यूट्यूब चॅनेलचं हेच झालं, स्पॉन्सरशिपचा म्हणून मेल आला, टीममधल्या कोणीतरी त्यातली फाईल उघडली, तिने ब्राउझरमधल्या कुकी उचलून नेल्या आणि चॅनेलवर क्रिप्टोची खोटी लाईव्ह स्ट्रीम सुरू.

असे कुकी आणि सेव्ह केलेले पासवर्ड एका झटक्यात उचलणारे व्हायरस आता भाड्याने मिळतात. त्यातल्या लुमा नावाच्या एकाने 16 मार्च ते 16 मे 2025 या दोन महिन्यांत 3 लाख 94 हजार विंडोज कंप्युटर बाधित केल्याचं मायक्रोसॉफ्टने सांगितलं. हे येतात कुठून? फुकटचं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर हा जुना रस्ता. नवीन रस्ता म्हणजे 'मी रोबोट नाही' वालं खोटं पेज, ते तुम्हाला सांगतं की विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. जगातली कुठलीही खरी साईट असं करायला सांगत नाही. तुम्ही स्वतःच्या हाताने चोराचा आदेश आपल्या कंप्युटरला देताय ते.

आणि एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायची छोटी ॲप्स. हे मला सगळ्यात दुर्लक्षित वाटतं. 24 डिसेंबर 2024 ला सायबरहेवन नावाच्या कंपनीतल्या एकाला मेल आला, तुमचं क्रोमचं एक्स्टेन्शन नियम मोडतंय, स्टोअरमधून काढलं जाईल. लिंक उघडली तर गूगलचंच खरं परवानगीचं पेज, फक्त परवानगी मागणारं ॲप चोराचं. याने 'अलाव' दाबलं. पासवर्ड चोरीला गेलाच नाही, ओटीपी विचारलाच नाही. नाताळच्या दिवशी चोरांनी त्या एक्स्टेन्शनची विषारी आवृत्ती स्टोअरवर चढवली आणि ती वापरणाऱ्या सुमारे 4 लाख लोकांकडे आपोआप जायला लागली, उद्देश मुख्यतः फेसबुकच्या जाहिरातीच्या खात्यांचे पट्टे चोरणं. साधारण एक दिवसात कंपनीने ती काढली, ही सायबर सुरक्षेचीच कंपनी बरं का. आता यात वापरणाऱ्याची काय चूक? काहीच नाही. आपल्या हातात एवढंच की एक्स्टेन्शन कमीत कमी ठेवायची. ते पीडीएफ जोडणारं, व्हिडिओ उतरवणारं, एकदाच लागलेलं कूपन शोधणारं, सगळी काढून टाका, 'सर्व साईटवरचा डेटा वाचणे व बदलणे' ही परवानगी घेऊन ती बसलेली असतात.

मग तुम्ही म्हणाल पासवर्ड मॅनेजर पण एक्स्टेन्शनच की. बरोबर, आणि त्यातही भोकं सापडतात. ऑगस्ट 2025 मध्ये मारेक तोथ या संशोधकाने 11 मॅनेजरची एक्स्टेन्शन तपासून दाखवलं की खोटी साईट मॅनेजरची चौकट अदृश्य करून तुमच्या क्लिकखाली सरकवू शकते, तुम्हाला वाटतं आपण कुकीचा बॅनर बंद केला, प्रत्यक्षात तुम्ही 'भर' म्हणून दाबलेलं असतं. पण त्यातही बघा, कुठल्याही परक्या साईटला असं करून कार्डाचा नंबर किंवा नाव-पत्ता मिळत होता, पासवर्ड मात्र नाही, कारण तिथे डोमेनची अट आड येत होती. म्हणून कार्डाचे डिटेल्स एक्स्टेन्शनमध्ये ठेवू नका, मॅनेजर अपडेटेड ठेवा. 2022 मध्ये लास्टपास या मॅनेजरच्या कंपनीकडून तर ग्राहकांच्या कुलूपबंद तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या, ज्यांचा तिजोरी उघडायचा मुख्य पासवर्ड कच्चा होता त्यांना घोर लागला, तेव्हा तो एक पासवर्ड तरी लांबलचक आणि कुठेही दुसरीकडे न वापरलेला असू दे. एवढं असूनही मी मॅनेजर वापराच म्हणेन, वहीत लिहिलेला पासवर्ड तुम्हाला डोमेन चुकलंय हे कधीच सांगणार नाही.

सुरुवात कुठून करायची तर ईमेलपासून, कारण बाकी सगळ्या खात्यांचं 'पासवर्ड विसरलात?' तिथेच येऊन पडतं. ईमेलला पासकी लावा, मग बँक, मग बाकीचं सावकाश.

आणि समजा टाकला गेला पासवर्ड चुकीच्या जागी, तर लाजत बसू नका. दुसऱ्या डिव्हाइसवरून पासवर्ड बदला, पण तेवढ्याने भागत नाही, 'सर्व डिव्हाइसवरून साइन आउट' करा म्हणजे चोरलेला पट्टा फुकट जातो. मग सेटिंगमध्ये जाऊन रिकव्हरीचा नंबर आपलाच आहे ना, कुठल्या अनोळखी ॲपला परवानगी दिलेली नाही ना, आणि जीमेलमध्ये फिल्टर आणि फॉरवर्डिंग हे दोन रकाने आवर्जून बघा, चोर तिथे गुपचूप 'बँकेचा मेल आला की मला पाठव आणि इथून पुसून टाक' असा नियम लावून जातात आणि पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच चालू राहतो. पैसे गेले असतील तर आधी 1930 ला फोन, मग बँक, मग सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार, आणि तो मेल डिलीट करू नका, तक्रारीला लागतो.